घंटानादाचा कवी लाँगफेलो

नाताळच्या मध्यरात्री देवळाची घंटा निनादू लागली म्हणजे आपणा सर्वांची अंतःकरणे उचंबळून येतात. परंतु तोच नाद एखाद्या शोकग्रस्ताच्या कानी पडला तर त्यास काय वाटत असेल? याचे उत्तर हेन्री वर्ड्सवर्थ लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या चरित्रात आम्हांस आढळले. म्हणून ते येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

लाँगफेलोचा जन्म २७ फेब्रुवारी १८०७ रोजी पोर्टलंड येथे झाला. १८३६ पासून १८५४ पर्यंत तो हार्वर्ड येथे अध्यापक होता. तो आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हता. तथापि त्याच्या १८४७ सालच्या 'इव्हँजेलीन' या काव्याची नायिका अकेडियातून हद्दपार झालेली कॅथॉलिक कन्या असून, अखेरीस ती धर्मभगिनी होऊन रुग्णांची सेवा करते.

त्याची प्रथम पत्नी १८३५ साली परदेशी निवर्तली. द्वितीय पत्नी फॅनी हिच्या वस्त्राने ९ जुलै १८६१ रोजी घरातच पेट घेतला. ज्वाला विझविताना लाँगफेलो स्वतः भाजला. परंतु ती दुसऱ्या दिवशी मरण पावली. तिचा दफनविधी नेमका त्यांच्या विवाहाच्या वाढदिवशी झाला आणि हा जखमी पती अंथरुणास खिळून राहिला. पुढे दान्ते या कॅथॉलिक महाकवीच्या ग्रंथाचे भाषांतर करण्यात त्याने आपले व्यथित मन गुंतविले.

त्या काळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. १८६३ च्या मार्चमध्ये ज्येष्ठ पुत्र चार्ल्स पित्याची अनुज्ञा न घेताच सैन्यात गेला. नोव्हेंबरात व्हर्जिनियात गोळी लागून तो जबर जखमी झाला. पित्याने वॉशिंग्टनला जाऊन त्यास घरी आणिले.

अशा स्थितीत त्या वर्षीचा नाताळ उगवला. घंटा शांतीचा संदेश देत होत्या. रणांगणावर मात्र तोफा गर्जत होत्या. त्या दिवशी लाँगफेलोने 'ख्रिसमस बेल्स' हे काव्य रचिले. त्यात तो आपली निराशा लपवीत नाही. परंतु शेवटी, परमेश्वर जागा आहे आणि सत्याचाच जय होईल, या श्रद्धेवर तो स्थिरावतो. हे काव्य १८६५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले. पुढे १८७२ साली जॉन बॅप्टिस्ट कॉल्किन याने त्यास चाल दिली व ते नाताळचे गीत झाले.

२४ मार्च १८८२ रोजी लाँगफेलोने इहलोक सोडला.

वाचकहो, काव्य रचिले तेव्हा युद्ध थांबले नव्हते, आणि दिवंगत पत्नी तर परत येणार नव्हती. दुःख सरल्यावर आशा धरणे सोपे आहे. ते उशाशी असताना धरलेली आशा हीच खरी श्रद्धा, असे आम्हांस वाटते.