गहाण वावर आणि विलायतेची वाट

फायनल इयर आलं की मेसमध्ये दोनच विषय असतात, कॅम्पस आणि एमएस. एमएसचा विषय निघाला की पाठोपाठ एज्युकेशन लोन येतंच. तेल्हारा, अकोट, दर्यापूरकडच्या पोट्ट्यांच्या घरी तर या लोनची चर्चा कपाशीच्या भावापासून सुरू होते. म्हणून यंदा डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुखांवर लिहायचं ठरवलं. ते कृषिमंत्री होते, शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक होते, हे आपण शाळेपासून दरवर्षी २७ डिसेंबरच्या भाषणात ऐकतो. पण कर्ज काढून परदेशी शिकायला गेलेला वऱ्हाडी विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे फारसं कोणी पाहत नाही.

जन्म १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. वडील शामराव शेतकरी. शाळेसाठी पापळहून चांदूर रेल्वे, कारंजा, मग अमरावती अशी फिरती झाली. पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथून १९२० मध्ये भाऊसाहेब इंग्लंडला निघाले. त्यासाठी शामरावांनी जमीन गहाण टाकली. तेव्हा बँकेचं शैक्षणिक कर्ज नव्हतं. आज शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता थांबतो (व्याज मात्र चालू असतं बरं का!). सावकाराच्या गहाणखताला असली सवलत कुठली? पोरगा बोटीवर चढला तेव्हापासून व्याजाचा मीटर सुरू.

आता १९२० हे साल जरा नीट बघा. पहिल्या महायुद्धानंतर कापसाला चांगला भाव होता आणि रुपयाही वधारला होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांच्या वर मिळत. पौंडाचे शिलिंग वीस, म्हणजे पौंड दहा रुपयांच्या आत. वर्षभरात चित्र उलटलं. १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला आणि तोच पौंड पंधरा-सोळा रुपयांना पडू लागला. त्याच सुमारास जगभर कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडातल्या बापाला कापसाचे पैसे कमी आणि तिकडे मुलाला त्या पैशांचे पौंडही कमी, असा दोन्हीकडून मार. डॉलर दोन रुपयांनी वाढला की आपण कॅल्क्युलेटर काढतो, त्यांनी काय केलं असेल!

भाऊसाहेबांनी तिथे वेळ घालवला नाही. एडिंबरा विद्यापीठातून एम.ए. केलं, संस्कृतच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवली, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर डॉक्टरेट केली आणि जोडीला बॅरिस्टरही झाले. शेतकऱ्याच्या पोरानं वेदांवर पीएचडी करायची, हे त्या काळी साधं नव्हतं. याच वर्षांत, १९२० ते १९२३, डॉ. आंबेडकरही लंडनमध्ये दुसऱ्यांदा शिकत होते, स्वतःची बचत आणि मित्राकडून उसने घेतलेले पैसे घेऊन.

परतल्यावर अमरावतीत वकिली सुरू झाली. बॅरिस्टरला पैसा कमी नव्हता, पण हे गृहस्थ १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याच्या कामाला लागले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यातही ते होते. आपल्यासारख्या होस्टेलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : अमरावतीला त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. खेड्यातल्या पोराची शहरात राहायची सोय नसेल तर कॉलेज काय कामाचं, हे कारंजा-अमरावती फिरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

१९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. मंदी आली होती, कापूस पुन्हा मातीमोल झाला होता, वावरं सावकाराकडे चालली होती. १९३३ चा कर्जलवाद कायदा या काळातला. त्यात मंडळं नेमायची, शेतकरी आणि सावकार दोघांना समोरासमोर बसवायचं, देणं किती ते तपासायचं, तडजोडीनं रक्कम कमी करून हप्ते बांधून द्यायचे, अशी योजना होती. शेतकऱ्याचा रास्त प्रस्ताव सावकारानं धुडकावला तर पुढे कोर्टात त्याला दाव्याचा खर्च मिळत नसे आणि व्याजावरही मर्यादा येई. कायदा सामोपचाराचा होता, सगळ्यांचं कर्ज काही त्यानं फिटलं नाही. पण गहाणखताची भाषा घरातूनच माहीत असलेला मंत्री त्यामागे होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. १९३२ ची शिवाजी शिक्षण संस्था, घटना समिती, १९५२ ते १९६२ केंद्रात कृषी खातं. १० एप्रिल १९६५ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ निघालं, त्याला त्यांचं नाव दिलं. तेल्हाऱ्याच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशवीवर पीकेव्ही छापलेलं असतं ना, त्यातला पी म्हणजे हेच पापळचे पंजाबराव.