काराव्हाज्जो : धुळीने माखलेल्या पावलांचा चित्रकार

रोममधील संत ऑगस्टीन यांच्या चर्चमध्ये डाव्या हाताच्या पहिल्या चॅपेलात एक मोठे चित्र आहे. पवित्र मरिया बाळ येशूला कडेवर घेऊन घराच्या उंबरठ्यावर उभी आहे आणि दोन गरीब वृद्ध यात्रेकरू तिच्यापुढे गुडघे टेकून हात जोडत आहेत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम येतात ती त्यांतील पुरुषाची अनवाणी, मळलेली पावले. चित्र वेदीवर असल्याने ही पावले थेट आपल्या तोंडासमोर येतात. हे चित्र प्रथम लोकांसमोर आले तेव्हा रोममध्ये बराच गलबला झाला. चित्रकार होता काराव्हाज्जो.

त्याचे मूळ नाव मिकेलांजेलो मेरिसी. काराव्हाज्जो हे त्याच्या कुटुंबाचे गाव. तेच पुढे त्याचे नाव झाले. मिलान शहरातील बाप्तिस्म्याची नोंद २००७ साली उजेडात आली आणि जन्मस्थळाविषयीचा जुना वाद मिटला. २९ सप्टेंबर १५७१, म्हणजे मुख्य देवदूत संत मायकल यांच्या सणाचा दिवस, हा त्याचा जन्मदिवस मानला जातो. मिलानचे तेव्हाचे महागुरू होते संत चार्ल्स बोरोमियो. १५७६ साली शहरात प्लेगची भयानक साथ आली, तेव्हा या महागुरूंनी अनवाणी पायांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. त्याच साथीने १५७७ साली लहानग्या मिकेलांजेलोचे वडील हिरावून नेले. १५८४ साली तो सिमोने पेतेर्झानो या चित्रकाराकडे शिकाऊ म्हणून राहिला आणि पुढे विशीत रोमला पोहोचला. तेथे दुसऱ्यांच्या चित्रशाळेत फुले-फळे रंगवून त्याने पोट भरले. पुढे कार्डिनल देल मोंते यांनी त्याला आपल्या घरी आश्रय दिला.

त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. प्रोटेस्टंट सुधारकांपैकी अनेकांनी चर्चमधील चित्रे व मूर्ती नाकारल्या होत्या. उलट, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली पवित्र चित्रांचे समर्थन करून त्यांच्याद्वारे सामान्य जनांना श्रद्धेचे शिक्षण मिळावे, असे ठरविले होते. काराव्हाज्जोने हा सामान्य माणूस चित्राच्या समोरून उचलून चित्राच्या आत नेऊन बसविला, आणि खरा पेच तेथेच निर्माण झाला.

रोममधील फ्रेंच लोकांच्या संत लुई चर्चमध्ये संत मत्तय यांच्या जीवनावरील चित्रे काढण्याचे काम त्याला १५९९ साली मिळाले. ‘मत्तयाला पाचारण’ हे त्यांतील सर्वांत विख्यात चित्र. अंधारी खोली, जुनाट भिंत, मेजावर पैसे मोजणारी पाच माणसे. त्यांच्या अंगावरचे कपडे काराव्हाज्जोच्या काळातले. उजवीकडून प्रभू येशू आत येतो, हात पुढे करतो आणि त्याच दिशेने उजेडाची तिरीप भिंतीवरून खाली उतरते. त्यांतील मत्तय कोणता, यावर आजही अभ्यासकांत वाद आहे. दाढीवाला गृहस्थ बोट दाखवतो ते स्वतःकडे, की शेजारी मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या तरुणाकडे? मला दाढीवालाच पटतो. पण खाली मान घातलेल्या त्या पोराकडे पाहिले की मन डळमळते. २०२५ साली देवाघरी गेलेले पोप फ्रान्सिस कार्डिनल असताना रोमला आले की या चित्रापुढे जाऊन चिंतन करीत. त्यांचे ब्रीदवाक्यही संत बीड यांच्या मत्तयावरील प्रवचनातून घेतलेले होते.

त्याच चॅपेलच्या वेदीसाठी काढलेले पहिले चित्र मात्र परत आले. त्यात शुभवर्तमान लिहिणारा मत्तय टकला, राकट आणि उघड्या पायांचा होता. देवदूत त्याचा हात धरून जणू अक्षरे गिरवून घेत होता. संताचे हे रूप शोभत नाही, असे ठरले. काराव्हाज्जोने दुसरे चित्र काढून दिले. नाकारलेले चित्र एका धनिकाने विकत घेतले; ते पुढे बर्लिनला गेले आणि १९४५ साली युद्धात नष्ट झाले. आज त्याची केवळ छायाचित्रे उरली आहेत.

‘मरियेचा मृत्यू’ या चित्राच्या वाट्याला याहून कठोर नकार आला. ते कार्मेल संघाच्या धर्मगुरूंच्या चर्चसाठी होते. लाल वस्त्रातील मरियेचा निष्प्राण देह, सुजलेले अंग, उघडी पावले, सभोवती मूकपणे रडणारे प्रेषित आणि खाली वाकून हुंदके देणारी मग्दालिया. स्वर्ग कोठेच दिसत नाही. मरियेसाठी एका वारांगनेला समोर बसविले होते, असा प्रवादही उठला. धर्मगुरूंनी चित्र ठेवून घेतले नाही. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. मरियेच्या स्वर्गोन्नयनावर श्रद्धा असलेल्यांना हा केवळ देहान्त अपुरा वाटणारच. परंतु ज्याने आपल्या घरात आईच्या मृतदेहाशेजारी रात्र काढली आहे, त्याला त्या खोलीतील शांतता परकी वाटणार नाही. रुबेन्स या चित्रकाराच्या सल्ल्यावरून मांतुआच्या ड्यूकने ते घेतले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

चित्रकार म्हणून तो जितका मोठा, तितकाच माणूस म्हणून बेबंद होता. शिवीगाळ, मारामाऱ्या, बेकायदा तलवार बाळगणे यांबद्दल पोलिसांच्या दप्तरी त्याचे नाव वारंवार येते. २८ मे १६०६ रोजी झालेल्या भांडणात त्याच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी या तरुणाचा जीव गेला. त्याला मृत्युदंड जाहीर झाला आणि तो रोममधून पळाला.

नेपल्समध्ये एका सेवाभावी संस्थेने या फरारी खुन्याकडून ‘दयेची सात कृत्ये’ हे वेदीचे चित्र काढून घेतले. एका अरुंद गल्लीत, रात्रीच्या वेळी, सातही कृत्ये एकाच वेळी घडत आहेत. तुरुंगातील म्हाताऱ्या पित्याला लेक गजांतून स्तनपान देत आहे, कोणी आपला झगा फाडून उघड्याला पांघरूण देत आहे, धर्मगुरू मशाल धरून उभा आहे आणि कोपऱ्यामागून नेल्या जाणाऱ्या प्रेताची फक्त पावले दिसत आहेत. वरून मरिया बाळासह हे सारे पाहत आहे. ते आजही त्याच वेदीवर आहे.

पुढे माल्टाच्या संत योहान संघात पोपच्या खास परवानगीने तो १६०८ साली सरदार झाला. तेथे त्याने योहान बाप्तिस्ताच्या शिरच्छेदाचे प्रचंड चित्र काढले आणि हुतात्म्याच्या सांडलेल्या रक्तातून आपली सही उमटविली. थोड्याच दिवसांत मारामारीवरून त्याला कैद झाली आणि तो निसटला. त्याला संघातून काढून टाकण्याचा विधी झाला तो याच चित्रापुढे. सिसिलीत भटकून तो नेपल्सला परतला, तेथे त्याच्यावर हल्ला होऊन चेहरा विद्रूप झाला. दावीदाच्या हातातील गल्याथाचे छिन्न मुंडके त्याने रंगविले, त्याला चेहरा दिला स्वतःचा. अनेक अभ्यासकांच्या मते हे चित्र याच अखेरच्या काळातील आहे.

रोममध्ये क्षमेची खटपट चालू होती. जुलै १६१० मध्ये तो काही चित्रे घेऊन नेपल्सहून गलबताने निघाला. वाटेत त्याला पकडण्यात आले, गलबत चित्रांसह निघून गेले. १८ जुलै रोजी पोर्तो एर्कोले येथे, रोमला न पोहोचताच, वयाच्या ३८ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

त्याचे ‘ख्रिस्ताला अटक’ हे १६०२ सालचे चित्र दीर्घकाळ हरवले होते. १९९० साली ते डब्लिनमध्ये येशूसंघीयांच्या निवासात, दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर टांगलेले सापडले. आता ते तेथील राष्ट्रीय कलादालनात आहे. यहूदा चुंबन घेत आहे, शिपाई प्रभूला धरीत आहेत आणि उजव्या कडेला एक माणूस कंदील उंच धरून टाचा उंचावून पाहत आहे. त्याचा चेहरा काराव्हाज्जोचा आहे.