हरिभाऊंची उमेदवारी : 'मधली स्थिती' ते 'पण लक्षात कोण घेतो?'

मराठी कादंबरीच्या अध्यापनात हरि नारायण आपटे यांची गाठ विद्यार्थ्याला बहुधा 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीपाशी पडते. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने हे सोयीचे असले तरी त्यातून एक गैरसमज नकळत रूढ होतो. हरिभाऊ लेखणी हातात घेतल्या क्षणापासून सिद्ध कादंबरीकार होते आणि त्यांचे वास्तवदर्शन ही उपजत देणगी होती, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ सालची आहे. यमूची कहाणी 'करमणूक'मधून छापली जाऊ लागली ती १८९० साली. मधली पाच वर्षे आणि त्यांच्या आधीची विद्यार्थिदशेतील काही वर्षे हा या लेखकाच्या उमेदवारीचा काळ होय. हरिभाऊंच्या चरित्राकडे या उमेदवारीच्या अंगाने पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. त्यांचे सार्वजनिक जीवन, नाट्यलेखन व भाषाविषयक व्याख्याने यांचा उल्लेख येथे अनुषंगानेच येईल.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. वडील टपाल खात्यात नोकरीस होते. परंतु मुलाच्या घडणीवर अधिक प्रभाव पडला तो चुलते महादेव चिमणाजी आपटे यांचा. मुंबईत वकिली करून त्यांनी चांगला पैसा मिळवला आणि पुढे १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. हरिभाऊंचे बालपण मुंबईच्या एकत्र कुटुंबात गेले व १८७८ मध्ये ते पुण्यास आले. एकत्र कुटुंबातील माजघर, तेथील कुजबुज, रुसवेफुगवे आणि मुकाट सोसणे हे सर्व आईवेगळ्या मुलाने जवळून पाहिले होते. त्याचा वाङ्मयात उपयोग कसा करावयाचा, हे मात्र त्याला पुष्कळ उशिरा उमगले.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि हरिभाऊ त्या शाळेत दाखल झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर ही तेथील शिक्षकमंडळी. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री निवर्तले तेव्हा अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' हे काव्य रचले. संस्कृत विलापकाव्याच्या वळणावर बेतलेली ती रचना आहे. पुढच्याच वर्षी आगरकरांचे 'विकारविलसित', म्हणजे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर, प्रसिद्ध झाले. हरिभाऊंनी त्याचे प्रदीर्घ परीक्षण लिहिले. प्रत्यक्ष गुरूच्या ग्रंथाची इतकी बारकाईने चिकित्सा करणे हे त्या काळी धाडसाचे होते. हे परीक्षण त्यांच्या कादंबरीलेखनाच्या पूर्वतयारीत फार महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. मूळ कृती व भाषांतर समोरासमोर ठेवून शब्दाचे वजन पाहणे, पात्राच्या मनातील हालचाल संवादातून कशी प्रकट होते हे तपासणे, हा अभ्यास त्यांना तेथे घडला. वर्गात गणिताने मात्र त्यांचा पिच्छा पुरवला. डेक्कन व फर्ग्युसन या दोन्ही महाविद्यालयांत शिकूनही पदवी हाती लागली नाही. गणिताने मराठी कादंबरीवर उपकारच केले, असे म्हणावयास हरकत नाही.

हरिभाऊ लिहू लागले तेव्हा मराठी कादंबरी जेमतेम पाव शतकाची होती. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही विधवांच्या दुःखाला हात घालणारी कृती मिशनरी प्रेरणेची असल्याने बाजूला पडली होती. लोकांच्या आवडीची होती ती हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) यांची अद्भुतरम्य परंपरा. गुंजीकरांच्या 'मोचनगडा'ने (१८७१) इतिहासाची वाट दाखविली होती. आपल्या संथ व बंदिस्त समाजात कादंबरीला विषयच मिळणार नाहीत, अशी तक्रार खुद्द रिसबुडांनी प्रस्तावनेत केली होती. त्यामुळे नव्या लेखकाला घरात गुरू सापडणे कठीण होते.

परकीय गुरूंमध्ये त्या पिढीवर सर्वांत मोठी मोहिनी होती ती जॉर्ज रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात रेनॉल्ड्सला आज तळटीपेपुरतीच जागा उरली आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी त्याच्याइतके क्वचितच कोणा इंग्रज लेखकाला वाचले असेल. १८४४ पासून साप्ताहिक अंकांतून निघालेल्या त्याच्या लंडनच्या रहस्यकथांत सरदारांच्या वाड्यातील पाप आणि गल्लीबोळांतील दारिद्र्य शेजारी शेजारी नांदत असे. 'मधली स्थिती' ही त्याच्याच जुन्या लंडनविषयीच्या रहस्यकादंबरीवर आधारलेली आहे. 'पुणेवैभवा'तून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. नव्या शिक्षणाने जुन्याची पकड ढिली केली, पण नवे काही रुजले नाही, अशा मधल्या अवस्थेतील पुण्याच्या तरुणांची व्यसने व घसरण हा तिचा विषय. विषय अस्सल पुणेरी आणि सांगाडा लंडनचा, हा विसंवाद कादंबरीभर जाणवतो. कटकारस्थाने आणि योगायोग यांचा भार पात्रांना पेलत नाही.

तथापि ही कादंबरी केवळ अनुकरण म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. रेनॉल्ड्सकडून हरिभाऊंना दोन गोष्टी निश्चित मिळाल्या. शहर हेच कादंबरीचे कार्यक्षेत्र होऊ शकते, ही पहिली. वाचकाला आठवडाभर ताटकळत ठेवणारा प्रकरणाचा शेवट कोठे करावयाचा, ही दुसरी. त्यांनी सोडून दिले ते त्याचे सनसनाटी रंग. तेही एका दिवसात सुटले नाहीत. 'गणपतराव' या दुसऱ्या कादंबरीत (१८८६) रहस्याचा सोस ओसरलेला दिसतो, मनोव्यापारांकडे लक्ष वळलेले दिसते. पण ती पुरी झाली नाही. लेखकाला जुना साचा नको होता, पण नवा अद्याप सापडला नव्हता, अशी या अपूर्णतेची संगती लावता येते.

१८९० च्या ऑक्टोबरात हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्या वेळी ते सव्वीस वर्षांचे होते. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या वादंगाने पुणे दुमदुमत होते. संमतिवयाच्या विधेयकावरून घराघरांत तट पडले होते व १८९१ मध्ये तो कायदा झाला. या धामधुमीत राजकीय वादापासून दूर राहून कुटुंबात सर्वांनी वाचावे असे पत्र काढणे, हे वरकरणी पळवाट वाटण्याजोगे आहे. प्रत्यक्षात 'करमणुकी'च्या अंकांतून यमू बोलू लागली आणि केशवपनाचा प्रश्न माजघरात पोहोचला.

यमूच्या निवेदनातील कौशल्य परिचयाचे असल्याने त्याचा विस्तार करीत नाही. एका मुद्द्याकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. लहान मुलाच्या दृष्टीतून घर पाहणारे आत्मकथनात्मक निवेदन डिकन्सने 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये (१८४९-५०) समर्थपणे हाताळले होते, आणि इंग्रजी जाणणाऱ्या कोणाही वाचकाला ती तुलना सुचते. पण डेव्हिड मोठा होऊन लेखक होतो. त्याच्या आयुष्याला वर चढण्याची दिशा आहे. यमूला ती नाही. नवऱ्याने शिकविलेली अक्षरे आणि मुंबईच्या बिऱ्हाडात लाभलेला थोडा मोकळा श्वास एवढेच तिचे धन. रघुनाथराव गेल्यावर शंकरमामंजींच्या अमलाखालील घरात तिच्यावर केशवपन लादले जाते. येथे परकीय साच्याला घराने वाकविले आहे. 'मधल्या स्थिती'त नेमके याच्या उलट घडले होते.

हे घर पुरुष लेखकाला आतून कसे दिसले, हा प्रश्न टीकाकारांनी वारंवार विचारला आहे. त्याचे उत्तर शोधताना गोविंद वासुदेव कानिटकर व काशीबाई कानिटकर या दांपत्याशी असलेल्या हरिभाऊंच्या स्नेहाचा विचार करावाच लागतो. काशीबाई (१८६१-१९४८) पतीच्या इच्छेने आणि स्वतःच्या जिद्दीने लिहावाचावयास शिकलेल्या, हरिभाऊंपेक्षा तीन वर्षांनी वडील. या दांपत्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि त्यात वाचन व लेखन हे विषय सतत येत. बायकांच्या जगातील बारीकसारीक तपशील त्यांना काशीबाईंकडून मिळाले, असे अभ्यासक मानतात. दुसऱ्या बाजूने काशीबाईंच्या लेखनाला हरिभाऊंचे उत्तेजन लाभले. त्यांची 'रंगराव' ही कादंबरी १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली. वाङ्मयेतिहासात या नात्याचे वर्णन सामान्यतः लेखक आणि त्याची शिष्या असे केले जाते. मला ते अपुरे वाटते. रेनॉल्ड्सने हरिभाऊंना प्रकरण कोठे तोडावे हे शिकविले असेल, पण यमू काय बोलेल आणि काय गिळून टाकील हे शिकण्यासाठी त्यांना काशीबाईंचे ऐकावे लागले. उमेदवारीच्या या टप्प्यावर शिकविणारी बाजू काशीबाईंची होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

ऐतिहासिक कादंबरीत हाच क्रम पुन्हा दिसतो. 'म्हैसूरचा वाघ' (१८९०-९१) मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधाराने लिहिली गेली. चार-पाच वर्षांनी 'उषःकाल' (१८९५-९७) आली तेव्हा आधाराची काठी टाकून दिलेली होती. तेथे जाणवते ती स्कॉटची रीत. इतिहासप्रसिद्ध पुरुषाला थोडे कडेला ठेवून एका कल्पित घराण्याच्या अंतःकलहातून काळ दाखवावयाचा, ही ती रीत होय. विजापूरच्या दरबाराशी इमान राखणारा किल्लेदार पिता आणि शिवाजीराजांकडे ओढ घेणारा पुत्र यांच्या संघर्षाला पुण्यातील सुधारक-सनातनी घरांतील बापलेकांच्या झगड्याची धग आहे. 'रूपनगरची राजकन्या' (१९००-०२) ही कथा बंकिमचंद्रांच्या 'राजसिंहा'तही आलेली आहे. विजयनगरच्या विनाशावरील 'वज्राघात' (१९१३-१५) ही या शाखेतील सर्वांत बांधेसूद कृती, असे माझे मत आहे.

आता शिस्तीविषयी. साप्ताहिकाला दर आठवड्यास प्रकरण हवे असते; लेखकाची प्रतिभा जागी असो वा नसो. १८९३ च्या सुमारास 'यशवंतराव खरे' आणि 'मी' या दोन मोठ्या कादंबऱ्या एकाच काळात चालू होत्या. त्याखेरीज स्फुट गोष्टी व संपादकीय मजकूर होताच. 'करमणूक' १९१७ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे चालले. दिवसाचा मोठा भाग आनंदाश्रमाच्या व्यवस्थेत जाई. संस्कृत पोथ्या मिळवणे, त्यांचे पाठ शुद्ध करून छापणे हे तेथील काम. शिवाय प्लेगच्या दिवसांतील सेवाकार्य आणि नगरपालिकेचे व्याप. आनंदाश्रमामुळे पोटापाण्याची चिंता नव्हती, म्हणून ग्राहकाच्या अभिरुचीपुढे मान तुकवावी लागली नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. आठवड्याच्या या रतीबाने त्यांच्या हाताला सराव दिला, तसाच पाल्हाळही दिला. प्रकरण भरून काढण्यासाठी केलेली भाष्ये, वाचकाशी चाललेली लांबण, विसरलेले धागे यांची उदाहरणे कोणत्याही कादंबरीत सापडतील. 'गणपतराव', 'आजच', 'मायेचा बाजार', 'कर्मयोग' या सामाजिक आणि 'सूर्यग्रहण', 'कालकूट' या ऐतिहासिक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. एकवीस कादंबऱ्यांतील सहा अपूर्ण, हे प्रमाण थोडे नाही. ना. सी. फडके यांनी पुढे 'प्रतिभासाधन'मध्ये (१९३१) लेखनतंत्राची जी मांडणी केली, तिच्यामागे अशा सैलपणाविषयीची अस्वस्थता आहे. फडक्यांचा आक्षेप तंत्रापुरता बरोबरच आहे. मात्र आराखडा आधी पक्का करून लिहिलेल्या कादंबरीत यमूसारखे पात्र लेखकाच्या हातून निसटून स्वतंत्र वाढले असते काय, याविषयी मला शंका आहे.

हरिभाऊ शिकविताना एक अडचण मला नेहमी जाणवते. जव्हार-मोखाड्याकडील साखरशेतसारख्या गावातून, वारली, कोकणा किंवा महादेव कोळी घरातून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला सदाशिव-नारायण पेठेतील सोवळे आणि केशवपन हे रेनॉल्ड्सच्या लंडनइतकेच दूरचे वाटते. तो प्रामाणिकपणे कथा लिहू पाहतो तेव्हा पुण्याच्या वाड्याचा सांगाडा घेऊन त्यात आपल्या पाड्यावरची माणसे कोंबतो. म्हणजे त्याची 'मधली स्थिती' लिहीत असतो. अशा विद्यार्थ्याच्या हाती 'पण लक्षात कोण घेतो?' एकटी देण्यापेक्षा या दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवून द्याव्यात, असा माझा अनुभव आहे. पहिलीतील चुका त्याला ओळखीच्या वाटतात आणि चर्चा आपोआप सुरू होते.

उत्तरायुष्यात हरिभाऊंना सन्मान पुष्कळ मिळाले. १९१२ च्या अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी भाषेचा उगम व विकास या विषयावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची विल्सन व्याख्याने दिली. नव्या लेखकांविषयी त्यांची दृष्टी उदार होती. केशवसुतांच्या कवितांना 'करमणुकी'ने जागा दिली आणि कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९१७ मध्ये, त्या कवितांचा संग्रह हरिभाऊंनीच प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 'करमणूक' बंद पडले आणि 'कर्मयोग' अर्ध्यावर थांबली. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. पंचावन्न वर्षे पुरी होण्यास पाच दिवस उरले होते.