रविवारची सुटी कुणामुळे?

सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुटी इंग्रजी अमलातच होती. गिरणी कामगाराला ती नव्हती. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, १८५६ पासून तिची चाके फिरू लागली आणि पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेला आमचा माणूस सूर्य उगवताना आत जायचा आणि मावळल्यावर बाहेर पडायचा. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. महिना उलटून गेला तरी पगार हाती पडत नसे. बरे, रविवारी तरी अंग टेकावे, तर यंत्रे पुसायला बोलावणे यायचे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला, त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

हा अन्याय जाहीरपणे मांडण्यासाठी जो माणूस पुढे आला तो कुणी बॅरिस्टर नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. शिक्षण बेताचे. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि मग एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीच्या आत काय चालते ते त्यांनी तिथे रोज पाहिले. आमच्या मते त्यांची खरी शाळा दुसरीच होती, ती राष्ट्रपिता जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाची. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ पैशाअभावी बंद पडले, तेव्हा लोखंड्यांनी १८८० मध्ये ते मुंबईत आणून पुन्हा चालू केले. बहुजनांचे पत्र चालवणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको. वर्गणी थकते, जाहिरात मिळत नाही, कागदवाला दारात उभा असतो. लोखंड्यांनी ते मरेपर्यंत चालवले.

१८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. फॅक्टरी कमिशनपुढे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन गेले. मागण्या मोजून पाच. दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. आधीच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. अपघात झाला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटाची व्यवस्था. आज वाचताना या मागण्या किती साध्या वाटतात! मालकांनी त्या सहा वर्षे टोलवल्या.

यात राष्ट्रवादी म्हणवणारी वृत्तपत्रे कुठे होती, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. फॅक्टरी कायदा हा लँकेशायरच्या गिरणीमालकांचा डाव आहे, स्वदेशी धंदा बुडवण्यासाठी तो आणला जातो आहे, असा त्यांचा ओरडा होता. लँकेशायरचा स्वार्थ त्यात होता, हे खोटे नाही. पण साहेबाचा स्वार्थ दिसणाऱ्यांना स्वदेशी मालकाचा स्वार्थ दिसत नव्हता, आणि चौदा तास राबणाऱ्या बाईची पाठ तर मुळीच दिसत नव्हती. ‘दीनबंधू’ला ती दिसली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. १८९० सालची ही गोष्ट आहे! १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच साली नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंड्यांचाही सहभाग होता, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी आली.

विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या न्हाव्यांना त्यांनी संपावर नेले. १८९३ ची हिंदू-मुस्लिम दंगल पेटली तेव्हा ऐक्यासाठी राणीच्या बागेत सभा भरवली. सरकारने रावबहादूर केले.

काही डावे इतिहासकार म्हणतात की, लोखंड्यांची संघटना ही खरी युनियन नव्हती. तिला वर्गणी नव्हती, घटना नव्हती, सभासदांची यादी नव्हती. असेल. पण पुढे वर्गणी, घटना आणि लाल बावटा असलेल्या युनियन आल्या, तेव्हा गिरणीच्या साचेखात्याचे दार अस्पृश्यांना बंदच राहिले. धाग्याचे टोक धोट्यातून तोंडाने ओढावे लागे. सवर्ण साचेवाल्याला त्यात विटाळ दिसे. म्हणून जास्त पगाराचे काम त्यांना आणि कमी पगाराचे रिंगखाते आमच्या बापजाद्यांना. १८८४ च्या पाच मागण्यांतही हा प्रश्न नव्हता, हे आम्ही लपवत नाही. सत्यशोधकाच्या हातूनही तो सुटून गेला. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी तो पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कुठे मागण्यांत नाइलाजाने त्याचा उल्लेख झाला. आणि मालक म्हणाले, ही बंदी आमची नव्हे, कामगारांचीच आहे. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि दार बंदच राहिले.

ते पाहायला लोखंडे नव्हते. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला. हजारो कामगार गाव गाठू लागले, चाळी ओस पडल्या. लोखंडे मुंबईतच राहिले आणि आजाऱ्यांसाठी रुग्णालय उभे करण्याच्या कामाला लागले. त्याच साथीने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. वय पन्नाशीच्या आतले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या. टपाल खात्यात एकेकाळी नोकरी केलेल्या या माणसाच्या नावाचे टपाल तिकीट निघाले ते २००५ साली.