सम्राट अशोक आणि मुक्या जीवांचा कायदा

शालेय पुस्तके सम्राट अशोकांना कलिंगच्या रणांगणावर आणून सोडतात आणि धडा आटोपता घेतात. आम्हाला त्यानंतरचे अशोक अधिक मोलाचे वाटतात.

राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी त्यांनी कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली. हा हिशेब कोणा शत्रूने नव्हे, खुद्द सम्राटांनीच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवला. दोन वर्षांनी ते बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेले. राजांच्या शिकारीच्या सहली थांबल्या, धम्मयात्रा सुरू झाल्या. हे सांगणाऱ्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या सोपाऱ्यात सापडला.

पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, असे लेख सांगतो. ती संख्या दोन मोर आणि एका हरणावर आली. तेही पुढे बंद होईल, असे त्यांनी जाहीर केले. माणसांबरोबर जनावरांनाही औषधोपचार मिळाले. जिथे वनौषधी नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या. रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खोदल्या. सव्विसाव्या वर्षी पोपट, मैना, वटवाघूळ, कासव अशा अनेक जीवांना अभय दिले. विनाकारण जंगल जाळण्यास मनाई केली.

वकिली करताना आम्हाला त्यांचा सातवा स्तंभलेख वारंवार आठवतो. मनाईहुकमापेक्षा माणसाचे मन वळवणे अधिक फळाला येते, असा अनुभव त्यांनी तिथे नोंदवला आहे. दंडाची पावती फाडून तोडलेले झाड उभे राहत नाही, हे आम्हीही पाहतो.

मात्र गुणगान करताना एक गोष्ट लपवू नये. याच सम्राटांनी अरण्यवासीयांना आपल्या सामर्थ्याची जाणीव देऊन ताकीदही दिली होती. जंगल वाचवायचे आणि जंगलातल्या माणसाला धाकात ठेवायचे, ही चूक तेवढीच जुनी आहे. ती दुरुस्त करायला या देशाला २००६ चा वनहक्क कायदा करावा लागला.

२६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचा सिंहस्तंभ आपली राजमुद्रा झाला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वने, नद्या आणि वन्यजीव जपणे व प्राणिमात्रांवर दया करणे हे नागरिकांचे कर्तव्य ठरले. बांधवांनो, अशोक जयंतीची मिरवणूक जरूर काढू या. पण ज्या वाटेने ती जाईल, त्या वाटेवर एक तरी वड लावू या आणि तो जगवू या!