डोंगर वाचणारे वाडिया

मैत्रिणींनो, आपली सावित्री आणि पलीकडची कोयना, दोघींचा उगम महाबळेश्वरचाच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, 2021 च्या जुलैत आपल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून बचत गटात बायका विचारतात, आपला डोंगर हलतो का हो ताई? दरड पावसाच्या पाण्यानं सुटते, भूकंप खडकात साठलेल्या ताणानं होतो, एवढं मी सांगते. मी आर्ट्सची, पण याबद्दल वाचता वाचता दाराशॉ नोशेरवान वाडिया भेटले.

सुरतेचा जन्म, 1883 चा. शिक्षण सयाजीरावांच्या बडोद्यात. 1907 मध्ये जम्मूच्या कॉलेजात शिकवायला गेले, आणि सुट्टी लागली की मुलांना घेऊन डोंगरात! तिकडच्या टेकड्यांत त्यांना हत्तीच्या एका नामशेष भाऊबंदाची कवटी सापडली. त्या जातीचं शास्त्रीय नावही गणेशावरून आहे. 1919 मध्ये त्यांनी भारताच्या भूगर्भावर पुस्तक लिहिलं आणि 1921 मध्ये सरकारी भूगर्भ खात्यात गेले, सदतिशी उलटल्यावर. आपण त्या वयात म्हणतो, आता कुठे नवीन काही!

नंगा पर्वताजवळ हिमालयाच्या रांगा केसांच्या आकड्यासारख्या एकदम वळतात. असं का, ते शोधायला वाडियांनी हातोडी आणि होकायंत्र घेऊन तो मुलूख पायाखाली घातला. खडकाचा कुठला थर कुठे, किती कललाय हे मोजून नकाशावर मांडलं. 1931 मध्ये त्यांनी उलगडा केला. आपल्या द्वीपकल्पाच्या जुन्या, कठीण जमिनीची एक जीभ तिथे आत घुसली आहे. मऊ थर तिच्यावर रेटले गेले आणि तिला वळसा घालून घड्या पडल्या. पाटाच्या कोपऱ्याशी सतरंजी रेटून बघा, कळेल.

आता हेच कॉम्प्युटरवर करून बघतात. खडकाचा कठीणपणा, दाब, लाखो वर्षांचा काळ, सगळं आकड्यांत घालायचं आणि जमीन कशी दुमडते ते बघायचं. पण पडद्यावरची घडी खरी की खोटी, हे ठरवायला कुणीतरी पायी हिंडून मोजलेला कलच लागतो. मला वाडिया मोठे वाटतात ते इथे.

कोयना हादरली तेव्हा ते 84 वर्षांचे होते. दख्खनची जमीन स्थिर आहे हा समज त्या पहाटे मोडला. आता तिथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकांचा अभ्यास चालतो. वाडिया 1969 च्या जूनमध्ये गेले. आदल्याच वर्षी दिल्लीत हिमालयाच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली होती. पुढे ती डेहराडूनला गेली, आणि तिला नाव त्यांचंच दिलं.