विश्लेषण : रॉबर्ट शुमान यांचे बोट नेमके कशामुळे निकामी झाले?

जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान (१८१०-१८५६) यांना आधी संगीतकार नव्हे, पियानोवादक व्हायचे होते. कायद्याचे शिक्षण सोडून १८३० मध्ये ते लायप्झिगला फ्रीडरिश वीक या नामांकित शिक्षकाकडे राहायला गेले. दोन वर्षांच्या आतच उजव्या हाताचे मधले बोट ऐकेनासे झाले. वय अवघे २१-२२. मंचावर वाजवण्याचे स्वप्न तिथेच संपले.

तेव्हा उपाय कोणते झाले?

बोट ताणून धरणारे एक यंत्र शुमान यांनी वापरले. त्याने फायदा झाला नाहीच, उलट अनेक वर्षे दोष त्या यंत्रालाच दिला गेला. मग वीज, होमिओपॅथी आणि नुकत्याच कापलेल्या जनावराच्या ऊबदार पोटात हात घालून बसण्याचा उपचार. आज अंगावर शहारा येतो, पण त्या काळी डॉक्टरच तो सांगत. गुप्तरोगावरील पाऱ्याच्या औषधाची बाधा, असाही एक तर्क पुढे मांडला गेला. मात्र त्याच हाताने शुमान आयुष्यभर ढीगभर लेखन करत राहिले, हे त्यात बसत नाही.

मग आजार कोणता?

आज अनेक मेंदूतज्ज्ञांचा कल ‘फोकल डिस्टोनिया’कडे आहे. तपासणीशिवाय खात्री देता येत नाही, पण लक्षणे जुळतात. यात बोट सहसा दुखत नाही, स्नायूही धड असतात. ठरावीक काम करतानाच बोट आत वळते किंवा ताठ होते. वादकाला वाद्यावर, तर कुणाला फक्त लिहिताना. मेंदूत प्रत्येक बोटाचा जणू स्वतंत्र नकाशा असतो. अतिसरावाने शेजारच्या बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळतात आणि नको त्या स्नायूला थोपवणारी यंत्रणा ढिली पडते. पण तासन्‌तास सराव करणाऱ्या सगळ्यांनाच हे होत नाही. आनुवंशिकता, चिंता आणि अचूकतेचा ध्यासही कारणीभूत मानला जातो. व्यावसायिक वादकांत साधारण १०० पैकी एकाला हा त्रास होतो, पुरुषांना अधिक. बोटुलिनम विषाची इंजेक्शने आणि हालचालींचे पुनर्शिक्षण हे आजचे उपाय. पूर्ण बरे होणारे थोडेच.

पुढे काय झाले?

शुमान रचनेकडे वळले. १८३४ मध्ये त्यांनी संगीतविषयक नियतकालिकही काढले. त्यांचे पियानोसंगीत मंचावर नेले ते वीक यांची कन्या क्लारा यांनी. १८४० मध्ये दोघांनी लग्न केले, तेही वीक यांच्या विरोधामुळे कोर्टाची परवानगी मिळवून.